खरखरीचा माग काढणारा : कार्ल जान्स्की

आपल्या बेटावरच्या कितीतरी घरांतली मुले आज आखाती देशांत नोकरीला आहेत. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्यांतलाच एक. गेल्या हिवाळी सुट्टीत आम्ही त्याच्याकडे दुबईला आठवडाभर राहून आलो. दुबईच्या गजबजाटापासून थोडे आत, वाळवंटाच्या बाजूला, सिलिकॉन ओएसिस नावाची वसाहत आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या उद्योगांसाठी तेथील सरकारने ती या शतकाच्या आरंभी मुद्दाम वसवली. तिथल्या एका लहानशा कारखान्यात भाचा कामाला आहे. यंत्राच्या आत जो नको असलेला विजेचा गोंगाट शिरतो, तो कोठून येतो हे हुडकायचे आणि त्याचा बंदोबस्त करायचा, एवढेच त्याचे दिवसभराचे काम.

एका रात्री दहाच्या सुमारास तो आम्हांला गच्चीवर घेऊन गेला. बरोबर शॉर्टवेव्हचा एक लहान रेडिओ होता. त्याला त्याने लांब तार जोडली, स्टेशन नसलेल्या जागी काटा आणला आणि आम्हांला कान द्यायला सांगितले. नुसती खरखर. लिफ्टची, दिव्यांची, शेकडो घरांतल्या वातानुकूलन यंत्रांची आणि फोनच्या चार्जरांची ती खरखर होती. दक्षिणेकडे बोट दाखवून तो म्हणाला, की या सगळ्या गोंगाटाच्या तळाशी एक बारीक आवाज आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून येतो आहे, पण अशा वस्तीत तो वेगळा काढता येणे अशक्य आहे. मग तो पहिल्यांदा वेगळा काढला कोणी, असे आम्ही विचारले. त्याला एक नाव ठाऊक होते, आणि त्या नावाचे एक माप आहे एवढे ठाऊक होते. त्यापुढे काही नाही.

यात भाच्याचा दोष नाही. शाळेत आम्ही मुलांना व्होल्ट, वॅट, ॲम्पिअर ही मापे पाठ करून घेतो. ही मुळात माणसांची नावे आहेत, त्या माणसांना आईबाप होते, आजारपणे होती, वरचे साहेब होते, हे सांगायला तासिकेत वेळ उरत नाही. जान्स्की हेही तसेच एक माप आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता त्यात मोजतात. हे माप इतके सूक्ष्म आहे, की वॅटच्या हिशेबात ते लिहायचे तर दशांशचिन्हानंतर २५ शून्ये मांडून मग एक लिहावा लागतो. ज्याचे नाव या मापाला दिले, तो माणूस आपल्या ४४ वर्षांच्या आयुष्यातली दोन-तीन वर्षेच या विषयावर मन लावून काम करू शकला. घरी परतल्यावर आम्ही त्याची हकीकत मिळेल तेवढी वाचून काढली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

कार्ल गूथ जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात नॉर्मन या गावी झाला. आडनाव अमेरिकन वाटत नाही, आणि ते नव्हतेच. त्यांचे आजोबा मध्य युरोपातल्या बोहेमिया प्रांतातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून अमेरिकेत आले होते. रत्नागिरीकडून पोर्ट लुईला उतरलेल्या आपल्या पूर्वजांचाही काळ साधारण तोच, म्हणून हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. आई फ्रेंच आणि इंग्रज वंशाची. वडील सिरिल जान्स्की हे हाडाचे शिक्षक. कार्लच्या जन्मावेळी ते तेथील विद्यापीठात शिकवत होते, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

मुलाचे नाव ठेवताना या वडिलांनी कुळातले कोणाचे नाव घेतले नाही. कार्ल गूथ नावाचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक त्यांना गुरुस्थानी होते. त्यांचे नाव, आडनावासकट, मुलाला दिले. आम्ही इतकी वर्षे शिकवतो आहोत. कोणा विद्यार्थ्याने आपल्या मुलाला आमचे नाव दिल्याचे अजून कानावर आलेले नाही! असो. घरात विजेची आणि बिनतारी यंत्रांची चर्चा रोजचीच होती. थोरला भाऊ, त्याचेही नाव सिरिलच, दहा वर्षांनी मोठा. अमेरिकेत रेडिओ केंद्रे नुकती उभी राहू लागली होती, त्या पहिल्या पिढीतल्या इंजिनिअरांत या भावाचे नाव होते. पुढे धाकट्याच्या आयुष्यात तो एकदा मोक्याच्या क्षणी उभा राहिला.

कार्ल यांनी मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९२७ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. अभ्यासात पुढे, आणि बर्फावरच्या हॉकीच्या संघातही. पण तरुणपणीच मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले. त्या काळी ब्राइटचा रोग म्हणून तो ओळखला जाई आणि त्यावर उपाय नव्हता. १९२८ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा वैद्यकीय तपासणीत हा आजार आडवा आला. असा माणूस नोकरीत घ्यावा की नाही, याविषयी मंडळी साशंक होती. थोरल्या भावाच्या तेथे ओळखी होत्या. त्याने शब्द टाकला, आणि नोकरी मिळाली. मात्र शहराच्या धकाधकीत न ठेवता त्यांना न्यू जर्सीच्या ग्रामीण भागातल्या शाखेत पाठवण्यात आले. आधी क्लिफवूडला आणि १९३० पासून होल्मडेलला. आजूबाजूला शेते, मोकळी हवा आणि शांतता. प्रकृतीसाठी दिलेली ही जागा पुढे विज्ञानाच्याही कामी आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. सिलिकॉन ओएसिसच्या गच्चीवर उभे राहून आलेल्या माणसाला तर हे चटकन पटते.

आता त्यांना नेमून दिलेले काम काय होते ते पाहू. अमेरिका आणि इंग्लंड यांमध्ये टेलिफोनवर बोलण्याची सोय जानेवारी १९२७ मध्ये सुरू झाली. समुद्राखालून टेलिफोनची तार त्या महासागरात १९५६ पर्यंत पडलेली नव्हती; बोलणे रेडिओलहरींवरून जाई. पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर पडत. एवढे पैसे मोजून माणसे बोलत, आणि ऐकू काय येई, तर मध्येच कडकड, मध्येच फुसफुस. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना मुंबईला किंवा लंडनला लावलेले ट्रंककॉल आठवत असतील. ओरडून घसा बसे आणि पलीकडचा माणूस काय बोलला ते नंतर पत्रानेच कळे. १९२९ पासून हा टेलिफोन शॉर्टवेव्हवर आणला गेला. कंपनीला हे जाणून घ्यायचे होते, की शॉर्टवेव्हवरचा हा गोंगाट कोणत्या दिशांनी येतो. दिशा कळली, तर त्या दिशेकडे कान न करणारे एरियल बांधता येईल. हे शोधण्याचे काम या नव्या तरुणाकडे आले. त्यांचे वरिष्ठ होते हॅराल्ड फ्रीस, मूळचे डेन्मार्कचे. त्यांच्याविषयी पुढे सांगायचे आहे.

जान्स्की यांनी होल्मडेलच्या शेतात जे यंत्र उभारले त्याचे छायाचित्र आम्ही पाहिले. पहिल्या नजरेला ते बांधकामाच्या परातीसारखे दिसते. लाकडी चौकटी आणि त्यांवर बसवलेल्या धातूच्या नळ्या. लांबी सुमारे ३० मीटर, उंची दोन मजली घराएवढी. हे सगळे धूड फोर्ड कंपनीच्या जुन्या टी मॉडेल मोटारीच्या चार चाकांवर बसवलेले होते, आणि एक लहान मोटर त्याला गोल मार्गावर २० मिनिटांत एक फेरा घालायला लावी. तेथले लोक त्याला जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रीची उपमा देऊन हसत. बाजूच्या झोपडीवजा खोलीत रेडिओ ठेवलेला होता. तो सुमारे साडेचौदा मीटर लांबीच्या लहरी पकडी, आणि जितका गोंगाट येई तितकी एक लेखणी कागदाच्या सरकत्या पट्टीवर वर चढे. चक्री ज्या दिशेला तोंड करून असताना लेखणी वर जाई, ती गोंगाटाची दिशा. एवढे साधे तत्त्व.

१९३१ साली नोंदी घ्यायला सुरुवात झाली आणि महिनोन्‌महिने त्या चालू राहिल्या. गोंगाटाचे तीन प्रकार त्यांना आढळले. पहिला जवळच्या वादळातल्या विजांचा, तडातड वाजणारा. दुसरा दूरच्या वादळांचा. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून लांबून येत. हे दोन्ही अपेक्षितच होते. तिसरा मात्र निराळा निघाला. तो अगदी मंद होता, एकसारखा होता आणि वादळ असो वा नसो, येतच होता. चुलीवर ठेवलेल्या किटलीच्या तोंडातून वाफ निघताना जसा सूं असा आवाज येतो, तशा जातीचा तो होता. टेलिफोनवरचे बोलणे त्याने बिघडेल इतका तो मोठाही नव्हता. दुसऱ्या एखाद्याने अहवालात एक ओळ लिहून तो सोडून दिला असता.

जान्स्की यांनी सोडला नाही. १९३१ च्या अखेरीस आणि १९३२ च्या आरंभी हा आवाज दिवसभर सूर्याबरोबर पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेकडे फिरत असल्यासारखा दिसला. म्हणजे तो सूर्याचा, असे त्यांना वाटले, आणि ते वाटणे साहजिक होते. पण महिने गेले तशी जोडी फुटू लागली. आवाज सूर्याच्या आधी पोहोचू लागला. दर महिन्याला सुमारे दोन तास आधी. रोजचा हिशेब काढला, तर त्याचा फेरा २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता.

ही चार मिनिटे म्हणजे सगळ्या कथेचा गाभा, म्हणून जरा थांबून सांगतो. वर्गात आम्ही एका मुलाला मध्ये दिवा घेऊन उभे करतो आणि दुसऱ्याला त्याच्याभोवती, स्वतःभोवती गिरक्या घेत, चालायला लावतो. गिरकी पुरी होऊन समोरची भिंत पुन्हा दिसते, तेव्हा दिवा मात्र अजून समोर आलेला नसतो, कारण मुलगा दरम्यान थोडा पुढे सरकलेला असतो. दिव्यासमोर यायला त्याला आणखी किंचित वळावे लागते. पृथ्वीचेही तेच. सूर्यासमोर यायला तिला २४ तास लागतात, पण दूरच्या ताऱ्यासमोर ती चार मिनिटे आधीच येते. म्हणूनच कोणतेही नक्षत्र रोज चार मिनिटे लवकर उगवते आणि वर्षाने पुन्हा जागच्या जागी येते. आपल्या आज्यांना हा हिशेब पंचांगामुळे आणि सवयीने ठाऊक असे. जान्स्की इंजिनिअर होते, खगोलशास्त्र शिकलेले नव्हते. मेल्विन स्केलेट नावाच्या त्यांच्या एका मित्राला या विषयाची जाण होती. या मित्राशी बोलता बोलता आणि पुस्तके चाळता चाळता ते या चार मिनिटांच्या अर्थापाशी पोहोचले. जो आवाज ताऱ्यांच्या वेळापत्रकाने चालतो, तो पृथ्वीचा नाही आणि सूर्याचाही नाही. तो सूर्यमालेच्या पलीकडून येतो.

वर्षभराच्या नोंदी हाती होत्या म्हणूनच हे सांगता आले. दोन महिन्यांच्या नोंदींवर समाधान मानले असते, तर सूर्याचा आवाज म्हणून निबंध छापून गेला असता आणि तो चुकीचा ठरला असता. दैवाचीही थोडी साथ होतीच. त्या वर्षांत सूर्यावरचे डाग अगदी कमी होते. सूर्य खवळलेला असता तर वातावरणाच्या वरच्या थराने याच लहरी दिवसा अडवल्या असत्या आणि नोंदींचा गोंधळ झाला असता.

दिशा कोणती निघाली? धनू राशीची. आपल्या पंचांगातले मूळ नक्षत्र त्याच बाजूला आहे. अवघ्या १५ वर्षांपूर्वी हार्लो शॅप्ले या ज्योतिर्विदाने दाखवून दिले होते, की आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही, कडेकडेला आहे, आणि तिचा मध्य धनू राशीच्या दिशेला आहे. तो मध्य डोळ्यांना किंवा साध्या दुर्बिणीला दिसत नाही. वाटेत धुळीचे ढग आहेत आणि प्रकाश त्यांत अडकतो. रेडिओलहरी मात्र त्या धुळीतून आरपार येतात. जे कोणालाही पाहता आले नव्हते ते, टेलिफोनची खरखर तपासणाऱ्या एका २७ वर्षांच्या मुलाला ऐकू आले.

२७ एप्रिल १९३३ रोजी वॉशिंग्टनच्या एका सभेत जान्स्की यांनी हे वाचून दाखवले. तेथे फारशी खळबळ झाली नाही. पण ५ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली, आणि एका दिवसात त्यांचे नाव झाले. ही परग्रहावरच्या कोणाची हाक तर नव्हे, असा प्रश्न तेव्हाही उठला. तसे मानायला काहीही आधार नाही, हे त्याच बातमीत स्पष्ट केलेले होते. १५ मे रोजी एका रेडिओ केंद्राने होल्मडेलहून तारेवरून तो आवाज आणून काही सेकंद श्रोत्यांना थेट ऐकवला. घराघरांत माणसे बसून आकाशगंगेचा सूंकार ऐकत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. १९३५ साली त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यात दाखवले, की आवाज केवळ मध्यातूनच येत नाही, आकाशगंगेच्या सगळ्या पट्ट्यातून येतो. मध्याच्या दिशेला तो सर्वांत जोरकस असतो, इतकेच.

आणि मग काय झाले? काहीच नाही, असे म्हणावे लागते. टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने तिचा प्रश्न सुटला होता. हा गोंगाट आकाशातला, तो कोणालाही बंद करता येणार नाही, आणि बोलण्यात तो फारसा अडथळाही आणत नाही. काम संपले. जान्स्की यांना दुसरी कामे देण्यात आली. या जागी दोन बाजू आहेत. वरिष्ठ फ्रीस यांनी १९६५ साली लिहून ठेवले, की हे संशोधन पुढे न्यावे अशी इच्छा जान्स्की यांनी आपल्यापाशी कधी प्रकट केली नाही. जान्स्की तेव्हा हयात नव्हते. पण ते आईवडिलांना मॅडिसनला नेमाने पत्रे लिहीत. १९३४ च्या आरंभीच्या एका पत्रात त्यांनी कळवले आहे, की ताऱ्यांच्या लहरींचे काम आता आपल्याकडे नाही, साहेबांनी दुसरे काम दिले आहे, आणि ते तितके मनाला भिडणारे नाही.

आम्हांला वाटते, दोघेही आपापल्या परीने खरे असावेत. आजारी प्रकृतीचा, नोकरीत भावाच्या शब्दावर घेतलेला, घरी बायको असलेला तरुण महामंदीच्या दिवसांत साहेबापुढे हट्ट धरून बसला नाही, यात नवल ते काय? कामगार रस्त्यावर येत होते, शिकलेल्या माणसांना काम नव्हते. आणि साहेबाने विचारले नाही, कारण त्याच्या हिशेबात विचारण्यासारखे काही उरले नव्हते. फ्रीस यांना खलनायक ठरवणारी वर्णने आम्ही वाचली. ती आम्हांला पटत नाहीत. दोष द्यायचाच तर तो त्या काळच्या ज्योतिर्विदांकडेही जातो. आकाश त्यांचे होते. पण रेडिओ म्हणजे इंजिनिअरांचा विषय म्हणून बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही. हार्वर्डमधल्या दोघा तरुणांनी, व्हिपल आणि ग्रीनस्टीन यांनी, १९३७ साली या आवाजाचे कारण ताऱ्यांमधल्या तापलेल्या धुळीत शोधून पाहिले. हिशेब जमला नाही, आणि पुन्हा शांतता पसरली.

एकट्या एका माणसाने हा धागा हाती घेतला. ग्रोट रेबर हा शिकागोजवळच्या व्हीटन गावचा रेडिओ इंजिनिअर. जान्स्की यांचे निबंध वाचून त्याने बेल प्रयोगशाळेत काम मागितले. मंदीमुळे जागा नव्हती. तेव्हा १९३७ साली त्याने स्वतःच्या पैशाने, घरामागच्या अंगणात, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची धातूची थाळी उभी केली. शेजाऱ्यांना ती काय बला आहे ते कळेना. काही खटपटींनंतर त्याला जान्स्की यांचा आवाज सापडला, आणि १९४० नंतरच्या काही वर्षांत त्याने रेडिओने पाहिलेल्या आकाशाचा नकाशा तयार केला. सारी दहा वर्षे या शास्त्रात काम करणारा जगात जवळजवळ हा एकटाच होता.

इकडे जान्स्की आपले नेमून दिलेले काम नीट करत राहिले. १९२९ सालीच त्यांचे ॲलिस यांच्याशी लग्न झाले होते. एक मुलगी, एक मुलगा. घर न्यू जर्सीतच. रेडिओच्या आतला गोंगाट कमी कसा करावा, यात ते तज्ज्ञ झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचे बिनतारी संदेश कोठून येतात ती दिशा काढण्याच्या यंत्रांवर त्यांनी काम केले, आणि त्याबद्दल अमेरिकन सैन्यदलाकडून त्यांचा गौरवही झाला. म्हणजे दिशा शोधण्याची होल्मडेलची विद्या कामी आली, फक्त कान आकाशाऐवजी समुद्राकडे लावला. युद्ध संपल्यावर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, हॉलंड येथे युद्धातली रडार यंत्रे घेऊन तरुण मंडळी आकाशाकडे वळली आणि हे शास्त्र एकदम जोमाने वाढू लागले. जान्स्की ते बाहेरून पाहत होते. तोवर आजाराने रक्तदाब वाढवला, हृदय पोखरले. १४ फेब्रुवारी १९५० रोजी रेड बँक गावच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. वय ४४.

त्यांना ऐकू आलेल्या आवाजाचे खरे कारण त्याच वर्षी, १९५० साली, पुढे आले. आकाशगंगेत सर्वत्र अतिशय दुर्बळ चुंबकीय क्षेत्र पसरलेले आहे. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन त्यात अडकून मळसूत्रासारखे फिरतात, आणि फिरताना रेडिओलहरी सोडतात. १६-१७ वर्षे कोणाला न उमगलेले हे कोडे काही महिन्यांच्या फरकाने त्यांच्या कानांवर यायचे राहिले. आम्हांला या हकीकतीतली ही गोष्ट सर्वांत जास्त लागली, नोबेल न मिळाल्याची तितकी नाही.

मग मान मिळत गेले. १९७३ साली जगातल्या ज्योतिर्विदांच्या संघाने मापाला त्यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, बॅलिक आणि ब्राउन या दोघांनी आकाशगंगेच्या नेमक्या मध्यात रेडिओलहरींचा एक चिमुकला, प्रखर ठिपका शोधला. तो कृष्णविवराचा निघाला. त्याचे वजन सूर्याच्या सुमारे ४० लाख पट, आणि अंतर असे, की प्रकाशाला यायला जवळजवळ २७,००० वर्षे लागतात. या कृष्णविवराचा पुरावा देणाऱ्या गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि १२ मे २०२२ रोजी त्याचे चित्रही जगाने पाहिले. होल्मडेलला जेथे चक्री फिरत होती, ती जागा शोधून बेलच्याच शास्त्रज्ञांनी १९९८ साली तेथे स्मारक केले. न्यू मेक्सिकोमधल्या २७ थाळ्यांच्या मोठ्या दुर्बिणीला २०१२ साली जान्स्की यांचे नाव देण्यात आले.

याच दुर्बिणीने, नामकरणाच्या आधी १० वर्षे, २००२ साली त्या दिशेकडून काही चमत्कारिक पकडले. सुमारे ७७ मिनिटांच्या अंतराने एकेक स्फुरण, प्रत्येक सुमारे १० मिनिटांचे, असे पाच वेळा. आणि मग गप्प. हे कोण करते आहे, ते कोणाला सांगता येईना. पुढे २००३ सालच्या नोंदींत त्याच जागेचे आणखी एक स्फुरण सापडले, आणि त्या नोंदी होत्या आपल्या मराठी मुलखातल्या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद म्हणून गाव आहे, जुन्नर तालुक्यातले. शिवनेरी तेथून जवळच. तेथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची दुर्बीण उभी आहे. जागा निवडताना जी कारणे पाहिली, त्यांत रेडिओचा गोंगाट कमी असणे हे एक मोठे कारण होते. २०२० सालीही ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीला त्याच भागातून आणखी एक असाच लहरी पाहुणा सापडला. काही आठवडे प्रखर, मग एका दिवसात नाहीसा. ज्ञात असलेल्या कोणत्याही ताऱ्याशी त्याचे वागणे जुळले नाही. जान्स्की यांची चक्री यापुढे खेळणे वाटेल, पण त्या दिशेला कान लावून बसण्याची रीत त्यांचीच आहे.

आपल्या घरच्या ब्रा दो येथील दुर्बीण मात्र किती वाचकांनी पाहिली असेल? आपले विद्यापीठ आणि बंगळूरच्या दोन संस्था यांनी मिळून १९९२ च्या सुमारास ती उभी केली. दोन किलोमीटर लांब रांगेत मळसूत्रासारखी १,०२४ एरियले, आणि दक्षिणेकडच्या बाजूला रुळांवरून ढकलायच्या ट्रॉल्यांवर बसवलेली आणखी काही. तिने दक्षिणेच्या आकाशाची पाहणी केली. तिला ही जागा मिळण्याचे कारण सरळ आहे. होल्मडेलहून धनू राशी दक्षिण क्षितिजापासून जेमतेम हातभर वर येते. दुबईच्या गच्चीवरून ती आकाशाच्या मध्याच्याही बरीच खाली असते. आपल्या बेटावर हिवाळ्याच्या रात्री आकाशगंगेचा मध्य जवळजवळ डोक्यावरून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री नऊ-दहाला कास्कावेलच्या किंवा रिव्हिएर न्वारच्या अंगणात मान वर केली, तर वृश्चिकाची नांगी आणि तिच्या शेजारी दाटलेला दुधी पट्टा दिसतो, तीच ती जागा.

भाचा गणेशचतुर्थीला घरी येणार आहे. रेडिओ आणि तार घेऊन ये, असे आम्ही त्याला कळवले आहे. त्या दिवसांत दिवेलागणीलाच धनू डोक्यावर असते. उसाच्या शेतापलीकडे, विजेच्या तारांपासून दूर, एक मोकळी जागा आम्ही हेरून ठेवली आहे. तार जोडली की खरखर वाढते का आणि काढली की उतरते का, एवढे पाहायचे आहे. बहिणीने मात्र बजावले आहे, की आरतीच्या वेळेला दोघेही घरात हवेत.